जिभेची चाल

मानवी शरीराच्या बहुतेक हालचाली हाडांच्या आधाराने घडतात; स्नायू आखडतो, त्याला जोडलेले हाड सांध्यावर फिरते आणि हात उचलला जातो किंवा पाऊल पुढे पडते. जिभेच्या आत हाड नाही, सांधाही नाही, आणि तरीही घास फिरवणे, गिळणे, बोलणे अशी एकमेकांपासून अगदी वेगळी कामे ती क्षणाक्षणाला आकार बदलून पार पाडते. जीभ जवळजवळ संपूर्णपणे स्नायूंची बनलेली आहे आणि स्नायूंत पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे त्यांचे आकारमान दाबाने कमी होत नाही. कणकेचा गोळा एका बाजूने दाबला की तो दुसऱ्या बाजूने वाढतो, तसेच येथे घडते: आडवे तंतू आखडले की जीभ अरुंद होऊन लांबते, उभे तंतू आखडले की ती चपटी होऊन पसरते. हत्तीची सोंड आणि अष्टपादाचे बाहू याच तत्त्वावर चालतात, हे विल्यम किअर आणि कॅथलीन स्मिथ या दोन अभ्यासकांनी 1985 मध्ये मांडले आणि अशा अवयवांना एक स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याचा आशय ‘स्वतःच्याच द्रवाचा आधार घेणारा स्नायूसमूह’ असा सांगता येईल.

जिभेत स्नायूंच्या आठ जोड्या असतात. त्यांपैकी चार पूर्णपणे जिभेच्या आत आहेत: पृष्ठभागालगत लांबीने धावणारा एक, तळालगत लांबीने धावणारा दुसरा, डावीकडून उजवीकडे जाणारा तिसरा आणि वरून खाली जाणारा चौथा. जिभेचा आकार हे चार बदलतात. उरलेले चार बाहेरच्या हाडांपासून किंवा तालूपासून निघून जिभेत शिरतात आणि तिची जागा बदलतात. हनुवटीच्या आतील बाजूने पंख्यासारखा पसरत येणारा स्नायू जिभेला पुढे ओढतो. गळ्यातील कंठिकास्थी या नालेच्या आकाराच्या लहान हाडापासून येणारा तिला खाली खेचतो. कानाखालच्या टोकदार हाडापासून येणारा मागे व वर नेतो. आणि मृदू तालूपासून उतरणारा तिचा मागचा भाग उचलतो. शेवटचा एक सोडून बाकी सर्वांना आज्ञा देणारा मज्जातंतू मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी बारावा होय. अर्धांगवायूची शंका असलेल्या रुग्णाला डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतात, त्यामागे हीच रचना आहे, कारण एका बाजूचे स्नायू दुर्बळ झाले की निरोगी बाजूच्या रेट्याने जीभ दुबळ्या बाजूकडे वळते.

या यंत्रणेचे पहिले काम जन्मल्याबरोबर सुरू होते. अर्भक स्तनपान करताना जिभेने स्तनाग्र तालूशी धरते आणि जिभेचा मागचा भाग खाली नेऊन तोंडात निर्वात पोकळी निर्माण करते, त्यामुळे दूध वाहते. नंतर तीच जीभ दूध घशाकडे ढकलते. काही बाळांत जिभेखालचा पातळ पडदा आखूड किंवा टोकापर्यंत चिकटलेला असतो, आणि त्यामुळे दूध ओढता येत नसेल तर तो पडदा छोट्या शस्त्रक्रियेने मोकळा करता येतो. मात्र चिकटलेली प्रत्येक जीभ कापावी लागत नाही, बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल तर ती तशीच ठेवणे योग्य ठरते. पहिल्या चार-सहा महिन्यांत तोंडात घातलेला घट्ट पदार्थ बाळ जिभेने बाहेर लोटते, ही त्याची नावड नसून गुदमरण्यापासून वाचवणारी प्रतिक्षिप्त क्रिया असते. उष्टावणाचा संस्कार साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास करण्याची रीत शरीराच्या या घडणीशी किती जुळते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मोठ्या माणसाच्या जेवणात जिभेचे कौशल्य पाहायचे असेल तर भात आणि मासे या जेवणाइतके चांगले उदाहरण सापडणार नाही, आणि त्यासाठी गोंदिया जिल्ह्यासारखा मुलूख नाही. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आहे. राइस मिल हा येथील गावोगावचा उद्योग आहे, आणि कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांमुळे गोड्या पाण्यातील मासे धानाच्या सोबतीने ताटात येतात. लहान मासळीचा काटा केसासारखा बारीक असतो. भाताच्या मऊ शितांत मिसळलेला असा काटा तोंडाच्या अंधारात शोधून, त्याला दातांखाली जाऊ न देता, पुढच्या दातांपर्यंत आणून बाहेर काढण्याचे काम जीभ करते, आणि तेवढ्यात उरलेला घास दाढांवर परत नेऊन ठेवते. हे शक्य होते कारण जिभेचे टोक स्पर्शाच्या बाबतीत शरीरातील सर्वांत तीक्ष्ण भागांपैकी एक आहे. एकमेकांपासून एक-दोन मिलिमीटरवर असलेले दोन टोकदार स्पर्श ते वेगवेगळे ओळखते, तर पाठीच्या कातडीला त्यासाठी कित्येक सेंटिमीटरचे अंतर लागते. भातातला खडा दाढेखाली येण्याआधीच अनेकदा सापडतो तो यामुळे.

घास चावून झाला की जीभ त्याला लाळेत कालवून मध्यभागी गोळा करते, टोक कठीण तालूला टेकवते आणि पुढून मागे अशा लाटेने तो घशात लोटते. येथपर्यंतची क्रिया माणसाच्या इच्छेने चालते; घास घशाला लागला की पुढची क्रिया आपोआप घडते. मृदू तालू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर व पुढे येते, त्यावरचे झाकण खाली पडते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्न श्वासनलिकेला ओलांडून अन्ननलिकेत जाते. एका सेकंदाच्या आसपास घडणाऱ्या या व्यवहारात वेळ जरा चुकली तरी ठसका लागतो. वृद्ध किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसाला पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर घरच्यांनी ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये, कारण फुप्फुसात गेलेले अन्नपाणी न्यूमोनियाला कारण होते.

चवीबद्दल येथे थोडक्यात सांगणे पुरे. जिभेच्या टोकावर गोड, मागे कडू, कडांवर आंबट असा नकाशा अनेक पिढ्यांनी पाठ केला. 1901 मध्ये डेव्हिड हेनिग या जर्मन संशोधकाने नोंदलेल्या अगदी किरकोळ फरकांतून पुढे तो अतिशयोक्तीने तयार झाला आणि तो खरा नाही. चवीचे अंकुर जिभेवर जेथे जेथे आहेत तेथे सर्व मूलभूत चवी कळतात. जिभेचा मखमली पोत ज्या असंख्य बारीक उंचवट्यांमुळे येतो त्यांत चवीचे अंकुर नसतातच. ते घास धरून ठेवण्यासाठी असतात.

जिभेचे सर्वांत विलक्षण काम म्हणजे भाषा, आणि त्या कामाची पहिली पद्धतशीर पाहणी भारतात झाली. वेदपठणाचे उच्चार पिढ्यान्‌पिढ्या अचूक राहावेत म्हणून शिक्षा आणि प्रातिशाख्य या ग्रंथांच्या कर्त्यांनी कोणता ध्वनी तोंडात कोठे उत्पन्न होतो आणि तेव्हा जिभेचा कोणता भाग कशाला लागतो याचे वर्णन केले. अंगणवाडीतले मूल जी वर्णमाला म्हणते तिचा क्रम हे त्याच पाहणीचे फळ आहे. क, ख, ग, घ म्हणताना जिभेचा मागचा भाग मृदू तालूला भिडतो. च-वर्गात मधला भाग कठीण तालूकडे उचलला जातो. ट-वर्गात टोक वर वळून तालूच्या पुढच्या छताला लागते. त-वर्गात ते वरच्या दातांच्या पाठीला टेकते. आणि प-वर्गापर्यंत आले की काम ओठांकडे जाऊन जीभ मोकळी होते. हे पाच वर्ग हळूहळू म्हणून पाहिले की जिभेचा स्पर्श घशाकडून दातांकडे पायरीपायरीने सरकताना कोणालाही जाणवतो. जगातील अनेक लिप्यांची अक्षरे कोणत्याही ध्वनितत्त्वाविना मांडलेली आहेत. मराठी मुलाला मात्र तोंडाचा शास्त्रीय आराखडा पहिल्याच इयत्तेत मिळतो, आणि शिक्षकाने तो तसा दाखवून दिला तर पाठांतराला समजुतीची जोड मिळेल.

या आराखड्यात ळ या ध्वनीची जागा विशेष आहे. तो उच्चारताना जिभेचे टोक मागे वळते, टोकाची खालची बाजू तालूला लागते, हवा जिभेच्या कडांवरून सुटते आणि टोक पुढे झेपावत खाली येते. म्हणजे एका ध्वनीसाठी वळणे, टेकणे, कडा मोकळ्या ठेवणे आणि झटका देणे अशी चार कामे होतात. प्रमाण हिंदीत हा ध्वनी नाही. मराठीच्या सर्व बोलींतही तो सारखा टिकलेला नाही, आणि त्याचे पुढे काय झाले हे विदर्भात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना स्पष्ट ऐकू येते. पश्चिमेच्या वऱ्हाडीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो: टोक वर वळण्याऐवजी खाली राहते आणि जिभेचा मधला भाग तालूकडे उचलला जातो. पूर्वेकडे, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीबोलीत तोच ‘डोरा’ होतो आणि ‘जवळ’ हे ‘जवर’ होते: येथे टोकाने वर जाणे सोडलेले नाही, पण मागे वळण्याऐवजी ते दातांमागच्या उंचवट्याला एक हलका फटका मारून परत येते. एकाच अवघड हालचालीला दोन मुलखांतील जिभांनी दोन वेगळी उत्तरे शोधली, आणि दोन्ही पूर्णपणे नियमबद्ध आहेत.

झाडीबोलीत ण च्या जागी न येतो, म्हणून ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. श आणि ष यांच्या जागी स येतो, म्हणून ‘शेत’ हे ‘सेत’ होते. जिभेच्या दृष्टीने पाहिले तर या सर्व बदलांत एक समान दिशा दिसते: टोक मागे वळवण्याच्या किंवा जिभेचा मधला भाग तालूजवळ नेण्याच्या हालचाली पुढे, दातांच्या बाजूला सरकल्या आहेत. हा बोलणाऱ्याच्या जिभेचा दोष नव्हे. ‘टोपली’ आणि ‘डोरा’ म्हणणारी हीच जीभ ट आणि ड साठी टोक वर वळवतेच. तिला ते करता येत नाही असे नाही, बोलीच्या व्यवस्थेत ठरावीक जागी ते करायचे नसते एवढेच. वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसणारे किंवा दटावणारे शिक्षक एका सुसंगत ध्वनिव्यवस्थेला चूक ठरवतात, आणि त्यामुळे प्रमाण उच्चार सुधारण्याऐवजी मूल बोलणेच कमी करते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 मध्ये निघाला आणि त्यात विदर्भातील बोलींचे नमुनेही आले, पुढे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा दीर्घकाळ अभ्यास करून तिला लेखनाच्या आणि संमेलनाच्या व्यासपीठावर आणले. धानाची कापणी झाल्यावर गावोगावी रात्रभर रंगणारी दंडार आणि झाडीपट्टीची नाटके ज्या प्रदेशात वाढली, तेथील उच्चारांना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

गोंदिया जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला आणि पूर्व सीमा छत्तीसगडला लागून असल्यामुळे येथील मुलाच्या कानावर झाडीबोलीसोबत पोवारी, हिंदी, छत्तीसगढी, आणि सालेकसा-देवरीच्या बाजूला द्राविडी कुळातील गोंडीही पडते. या संपत्तीचे मोल ध्वनिशास्त्राने प्रयोगाने दाखवले आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 मध्ये कॅनडातील इंग्रजी घरांतील अर्भकांना हिंदीतील त आणि ट या जोडीतला फरक ऐकवला, तेव्हा सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे तो ओळखत होती. दहा-बारा महिन्यांपर्यंत मात्र ती क्षमता फार ओसरलेली आढळली, कारण त्यांच्या भोवतीच्या भाषेत त्या फरकाला काम नव्हते. जिभेच्या हालचाली मूल ऐकून शिकते आणि न ऐकलेल्या हालचालींसाठीची कानाची तयारी पहिल्या वर्षातच मंदावू लागते. ज्या घरात आजी गोंडी बोलते, आई झाडीबोली बोलते आणि बाजारात हिंदी चालते, त्या घरातील मुलाचा कान आणि जीभ दोन्ही अधिक विस्तृत क्षेत्रात तयार होतात. आजीशी गोंडीत बोलू नकोस असे त्या मुलाला सांगणे हे त्याचे नुकसान करणे आहे.

इतकी कुशल हालचाल नाहीशी कशी होते हेही याच जिल्ह्यात पाहावे लागते. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत आणि घरांत मण्यार आणि नाग यांचा वावर असतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की अनेकदा कळतही नाही. तिचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते, त्यामुळे मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत पोचत नाही. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे अडखळते, लाळ गिळता येत नाही, जीभ बाहेर काढायला सांगितली तर ती दातांपुढे येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पहाटे पोट दुखते आणि बोलता येत नाही अशी तक्रार करणाऱ्या माणसाला मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला प्रत्येक तास त्याच्या जिवावर येऊ शकतो. प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय हाच उपाय आहे. नेताना त्याला कुशीवर झोपवावे, कारण पाठीवर झोपवले तर ढिली पडलेली जीभ मागे जाऊन श्वास अडवते.

सर्पदंशातून वाचलेल्या माणसाची जीभ पूर्ववत होते. खर्ऱ्याने बांधलेली जीभ होत नाही, म्हणून त्याबद्दल अधिक सांगणे भाग आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला खर्रा पूर्व विदर्भातील पानठेल्यांवर मिळतो आणि गालाच्या आत तासन्‌तास धरला जातो. राज्याने 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, तरी जागेवरच घोटून दिल्या जाणाऱ्या खर्ऱ्याची सवय गेलेली नाही; विद्यार्थ्यांपासून मजुरांपर्यंत आणि स्त्रियांपर्यंत ती पोचलेली आहे. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य तोंडाच्या अस्तराखालील पेशींना कोलॅजन नावाचे चिवट तंतू जास्त बनवायला लावते आणि बनलेले तंतू सहजी विरघळत नाहीत. अस्तर पांढुरके आणि कडक होते. सुरुवातीला एवढेच जाणवते की पूर्वी चालणारे तिखट आता झोंबते. मग तोंड उघडणे कमी होते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात, या रोगात दोन, पुढे एक आणि कधी तेवढेही नाही. जिभेवरचे उंचवटे झिजून ती गुळगुळीत होते, मुळाशी व तळाशी तंतू धरल्याने ती बाहेर येत नाही, घास दाढांवर नेणे जमत नाही, आणि ट, ठ, ळ, र हे ध्वनी पुसट होतात. हा रोग वैद्यकात प्रथम नोंदवणाऱ्यांत मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. एस. जी. जोशी होते, 1953 मध्ये त्यांनी त्याला अस्तराखालील तंतुमयता या अर्थाचे, आजही रूढ असलेले नाव दिले. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. तंबाखू नसलेला खर्रा निरुपद्रवी आहे हा समज त्यामुळे टिकत नाही.

सवय लवकर सुटली, तोंड उघडण्याचे व्यायाम नियमित केले, गरज पडेल तसे औषध किंवा शस्त्रक्रिया झाली तर हालचाल काही प्रमाणात परत मिळवता येते, पण तयार झालेले तंतू पूर्णपणे जात नाहीत आणि अशा तोंडात कर्करोगाचा धोका पुढेही राहतो. जिभेचा कर्करोग बहुधा तिच्या कडेला सुरू होतो. आरशात जीभ एका बाजूला ओढून दोन्ही कडा आणि तळ पाहायला मिनिटभर पुरतो; पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर ती दाखवली पाहिजे. धारदार दाताने झालेली जखम म्हणून महिनोन्‌महिने थांबण्याची चूक फार जण करतात. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे.

गाठ मोठी झाल्यावर आलेल्या रुग्णाची अर्धी जीभ काढावी लागू शकते. रिकाम्या जागी शल्यचिकित्सक अनेकदा त्याच्याच मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसह आणून बसवतात. ती जगते, जागा भरते, पण तिच्यात जिभेचा एकही स्नायू नसल्याने ती स्वतः हलत नाही. जे करायचे ते उरलेल्या अर्ध्या जिभेला करावे लागते. वाचातज्ज्ञ मग रुग्णाला आरशासमोर बसवून टोक कोठे लावायचे, घास कोणत्या बाजूला ठेवायचा, गिळताना हनुवटी किती खाली न्यायची हे महिनोन्‌महिने शिकवतात, आणि त-वर्ग, ट-वर्ग व ळ यांचे स्पर्श नव्या जागी बसवण्याचा सराव करून घेतात. बरेच रुग्ण पुन्हा समजेल असे बोलू लागतात. भात मऊ करून खातात. काट्यांचा मासा मात्र दुसऱ्याने सोलून द्यावा लागतो.